मंत्रीसाहेब, बाईकवाल्यालाही बीएच नंबर मिळू द्या

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री, नवी दिल्ली

साहेब नमस्कार,

मी आधी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रामर होतो, आता बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या भागात आहे. बायकोला येलहंक्याला नर्सची नोकरी लागली म्हणून मीपण इकडंच काम बघितलं, पीण्यात शेडला लागून शेड आहे आणि मशीन चालवता येणाऱ्या माणसाला तिथं कोणी गाव विचारत नाही. सामान टेम्पोत आलं आणि गाडी रेल्वेच्या पार्सलनं, पेट्रोल काढून, पुठ्ठा लावून गोणपाटात गुंडाळून. गाडी म्हणजे साधी १२५ सीसी, एम एच २० नंबर, १५ वर्षांचा टॅक्स घेतानाच एकरकमी भरलेला.

आता तुम्ही म्हणाल बाईक कशाला, मेट्रो आहे ना. आहे, ग्रीन लाइन पीण्यातून जाते पण येलहंक्याला मेट्रो नाही, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री अकरानंतर बसची वाट बघत कोण उभं राहणार. गंगम्मा सर्कल, जालहळ्ळी क्रॉस, तुमकूर रोड असा माझा रस्ता. सकाळी जालहळ्ळी क्रॉसला एवढ्या बाईक दाटतात की पाय खाली टेकवायला जागा शोधावी लागते, त्यात काहीजण सरळ फूटपाथवर गाडी चढवतात आणि चालणाऱ्यालाच हॉर्न मारतात, त्यांचा मला लई राग येतो. पण ट्रॅफिकचं रडगाणं आज नको, ते तुमच्या एकट्याच्या हातातलं नाही. जे तुमच्या हातात आहे त्याबद्दल लिहितो, म्हणजे राज्य बदललं की गाडीचा नंबर आणि टॅक्स बदलायच्या कटकटीबद्दल.

मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ४६ म्हणतं की एका राज्यात रजिस्टर झालेली गाडी देशभर चालेल. लगेच पुढं कलम ४७ म्हणतं की दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली तर तिथला नंबर घ्या. ठीक आहे, रस्ता वापरतो तर त्या राज्याला टॅक्स द्यायला माझी ना नाही. पण हे करायचं कसं ते एकदा माझ्या बाजूनं बघा. आधी जुन्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८. गाडीवर लोन असेल तर फायनान्सवाल्याची संमती, आणि तो म्हणणार हप्ते संपू द्या मग बघू. गाडीवर पोलीस केस नाही याची तपासणी. मग इथं नवीन नंबरसाठी फॉर्म २७, गाडी दाखवा, पत्त्याचा पुरावा द्या (भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मालक ॲग्रीमेंट करून देईल तर ना), आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स भरा. इथं एक लाखाच्या वरच्या नवीन टू-व्हीलरला तो १८ टक्के आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होत जातो एवढाच दिलासा. नंबर बदलला की एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट नवीन, इन्शुरन्सवरचा नंबर पण बदलून घ्या. आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचे उरलेल्या वर्षांचे पैसे? ते मिळतात, नाही असं नाही, पण त्यासाठी आधी नवीन आरसी हातात पाहिजे, म्हणजे दुसऱ्यांदा भरल्याशिवाय पहिले मागताच येत नाहीत. त्याचा अर्ज परत जुन्या ठिकाणी. हजार किलोमीटरवर जायचं-यायचं भाडं आणि बुडालेले खाडे धरले तर बाईकच्या रिफंडमधून काय उरतं सांगा. कारवाल्याचा रिफंड तरी मोठा असतो. म्हणून लोक सरळ जुन्या नंबरवर फिरतात आणि कोणी अडवलं की मागच्याच महिन्यात आलो म्हणतात. बारा महिने झाले की नाही हे तरी कसं ठरवणार, कर्नाटकनं तर २०१४ मध्ये वर्षाचे ३० दिवस करून बघितले होते, २०१६ मध्ये हायकोर्टानं ते रद्द केलं.

यावर उपाय तुमच्याच खात्यानं काढलाय, म्हणून तर लिहितोय. १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच (म्हणजे भारत) सिरीज आली, राज्य बदललं तरी नंबर तोच, टॅक्स १५ वर्षांचा एकदम नाही तर दोन-दोन वर्षांचा. नंतर डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांनाही बीएच करून घ्यायची सोय दिली. लई चांगलं काम केलंत साहेब, यात टोमणा नाही. पण ते मिळतं कोणाला? लष्करातल्यांना, केंद्र आणि राज्य सरकारच्या नोकरांना, सरकारी कंपन्यांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या प्रायव्हेट कंपनीच्या लोकांना. माझ्या कंपनीचं ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली केबिन, चार राज्यं कुठून आणू? आणि गंमत बघा, मोठ्या कंपनीची ट्रान्सफर झाली तर सामान हलवायचा खर्च बहुतेक कंपनीच देते. आम्ही स्वतःच्या खिशातून येतो, डिलिव्हरीवाले, वेल्डर, नर्सेस, सिक्युरिटी गार्ड, पोटासाठी राज्य बदलणारी सगळ्यात जास्त माणसं हीच आणि नेमकी हीच यादीत नाहीत.

टॅक्स हा राज्यांचा विषय आहे असं उत्तर येईल, ते मला माहीत आहे. राज्यघटनेच्या राज्य सूचीत वाहनांवरच्या टॅक्सची नोंद ५७ आहेच. पण त्याच नोंदीत लिहिलंय की हे समवर्ती (केंद्र आणि राज्य दोघांच्या) सूचीच्या नोंद ३५ च्या अधीन राहील, आणि ३५ मध्ये वाहनांवरचा टॅक्स कोणत्या तत्त्वावर लावायचा हे पण आहे. म्हणजे तत्त्व ठरवायला केंद्राला दार उघडं आहे. राज्यांचा एक रुपया बुडवा असं मी म्हणतच नाही. जीएसटीत माल या राज्यातून त्या राज्यात गेला तर आयजीएसटीचा हिशोब सरकारं आपापसात करतात, व्यापाऱ्याला कोणी म्हणत नाही की आधी इथं परत भर आणि मग तिकडं जाऊन मागून आण. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर माझ्या गाडीची कुंडली आहेच, कधी घेतली, किती टॅक्स भरला, सगळं. मग उरलेल्या वर्षांचा महाराष्ट्राचा हिस्सा परस्पर कर्नाटककडे वळवा आणि फरक निघाला तर तेवढाच माझ्याकडून घ्या, मी त्याच दिवशी भरतो.

हे मोठं काम वाटत असेल तर निदान टू-व्हीलरपुरती चार राज्यांची अट काढा. पगाराची स्लिप, पीएफचा नंबर, ई-श्रम कार्ड, यातलं काहीपण पुरावा म्हणून चालवा. आणि तेही होईपर्यंत रिफंडचा अर्ज जिथं नवीन नंबर घेतला तिथल्याच काउंटरवर घ्यायला सांगा, पैसे बँकेत आले तरी चालतील, सहा महिन्यांनी आले तरी चालतील, फक्त त्यासाठी खाडा करून हजार किलोमीटर जायला लावू नका.

आपला,
पीण्यातला एक एम एच २० वाला