आजोबांच्या फाइलमधला शेवटचा रिपोर्ट

लालबाग, मुंबई

प्रिय मनू,

आजोबा गेले त्या रात्री तू विचारलं होतंस, "आई, जंतू मेले होते ना, मग ते कसे गेले?" मी म्हटलं, वय झालं होतं. पंचवीस वर्षं लॅबमध्ये कल्चरच्या प्लेटा बघितलेल्या बाईनं असं उत्तर द्यायला नको होतं. आता तू मायक्रोबायोलॉजी शिकतेस, म्हणून खरं ते लिहिते.

लघवीतला ई. कोलाय रक्तात उतरला होता. तिसऱ्या दिवशीच्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, वाढ नव्हती, म्हणजे औषध लागू पडलं होतं. पण या जंतूच्या आवरणातलं एलपीएस नावाचं विष जंतू मेल्यावरही उरतं. ते ओळखणारा पहारेकरी पेशीच्या पृष्ठभागावर असतो, टीएलआर-4. ब्रूस बॉयटलर यांनी 1998 मध्ये हे दाखवलं, 2011 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुसरा पहारेकरी पेशीच्या आत, कॅस्पेस-4 नावाचं एन्झाइम. एलपीएस आत शिरलं की तो गॅसडर्मिन-डी हे प्रथिन कापतो आणि त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. बीजिंगचे फेंग शाओ आणि अमेरिकेतले विश्व दीक्षित यांच्या गटांनी 2015 मध्ये हे उलगडलं. पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, त्यानं शेजारच्या पेशी भडकतात. हाच पायरोप्टॉसिस.

पेशीत दडलेल्या जंतूला हुसकायला हे फार कामाचं. पण हिंदमाताला पाणी तुंबतं तेव्हाची मॅनहोल आठव. झाकण काढतात ते पाणी ओसरावं म्हणून, आणि त्याच भोकात माणूस जातो. आजोबांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात अशी किती झाकणं निघाली असतील! बीपी सावरेना, मग किडनी गेली.

पहारेकऱ्यालाच गप्प करता येईल का, हेही लोकांनी करून पाहिलं. टीएलआर-4 अडवणारं एरिटोरान हे औषध जवळपास 2000 रुग्णांच्या चाचणीत तपासलं. 2013 मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नव्हते. माझ्या मते रुग्ण आयसीयूत पोचेपर्यंत बरंच घडून गेलेलं असतं.

आजोबांनी लघवीची जळजळ चार दिवस लपवली. सुनेला कसं सांगायचं, म्हणून. मी रोज परक्यांच्या लघवीचे नमुने तपासत होते गं.

हॉस्टेलवर तुला कधी जळजळ होऊन थंडी वाजून ताप आला, तर रात्री दोनलाही फोन कर.

तुझी,
आई