वाचलेली रात्र

सोलापूर, रविवार दुपार

चि. पमी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू आपटलास की मी, यावर आईचं नि माझं अजून एकमत झालेलं नाही. ती म्हणते, पोरीने नुसता ठेवला, मोबाईलमध्ये आपटायला आता असतंय काय. असो. फोनवर आपलं जमत नाही. दोन वाक्यं झाली की मी चेकरसारखा बोलायला लागतो, म्हणून लिहून काढतोय. दादाच्या जुन्या वहीची पानं आहेत, पाठीमागची गणितं वाचत बसू नकोस. फोटो काढून पाठवीन. पोस्टात टाकलं तर पत्र पोचेपर्यंत तू विजापूर बघून परत आलेली असशील.

तुझा तो तक्ता ग्रुपवर पाहिला. चार जणी, दोन दिवस, माणशी 2,340 रुपये. बेरीज मी दोनदा करून पाहिली, एका रुपयाचा फरक नाही. बत्तीस वर्षं एसटीत वेबिल लिहिलेल्या कंडक्टरची पोर आहेस, हे मी आईला मोठ्याने म्हणालो, तेवढं तिनं तुला कळवलं नसेल. ‘अडीअडचण’ म्हणून 200 रुपये वेगळे ठेवलेस ते तर फारच आवडलं. शेवटच्या रकान्यात शुक्रवारच्या बससमोर ‘एक रात्रीचं लॉज वाचलं’ असं लिहिलंयस, आणि रविवारच्या परतीलाही तेच. त्या रकान्याबद्दल मी काही बोलणार नाही. परवा बोलून झालंय.

बाकीचं सांगतो. गोलघुमट सकाळी उघडला की पहिल्यांदा गाठा. नऊनंतर शाळांच्या सहली येतात आणि मग वर नुसता कल्लोळ. तिकीट 25 रुपये लिहिलंयस ते बरोबर, ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी लागतात. चारी कोपऱ्यांत सात-सात मजली मनोरे आहेत, त्यांच्या पोटातून जिना. पायऱ्या उंच आहेत, एका दमात चढू नका. वर गच्ची, आणि गच्चीवरून घुमटाच्या आतल्या सज्जात शिरायला आठ दारं. 44 मीटर रुंदीचा घुमट आणि खाली एक खांब नाही. महंमद आदिलशहा 1656 मध्ये गेला, तो तिथे खाली निजलाय.

तुला आठवतं का माहीत नाही, सात वर्षांची होतीस. माझी साप्ताहिक सुट्टी, आज्जी, तू, दादा आणि आई. दशम्या, शेंगाचटणी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि आज्जीच्या कनवटीला दोनशे रुपये. सज्जात माझ्या हातातला तुझा हात सुटला. आठांपैकी कुठल्या तरी दारातून तू बाहेर गेलीस. मी ‘पमी’ म्हणून हाक मारली. तिथे एका हाकेचे सात-आठ पडसाद येतात, आणि मी एकावर थांबलो नाही. मग सगळा घुमट पमी-पमी करायला लागला. त्या गोंगाटात तू उत्तर दिलंस तरी मला ऐकू येईना, आणि बाप सगळीकडून ओरडतोय म्हटल्यावर तुला कळेना की यायचं कुठल्या बाजूला. आज्जीने काय केलं, ती दारं मोजत निघाली. पाचव्या दाराबाहेर उन्हात बसली होतीस, चप्पल काढून, रडत. तेव्हापासून मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा बोललो की तुझी आई म्हणते, हाक एकदाच मारा.

म्हणून एकदाच लिहितो. रात्रीच्या गाडीने जाऊ नकोस.

आता कारण सांगतो म्हणजे हट्टाने बोलतोय असं वाटणार नाही. सध्या उसाचा सीझन आहे. इंदापूर-टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. उजेडात ती अर्ध्या मैलावरून दिसते. पहाटे तीनला दिसते तेव्हा ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचायला वेळ उरत नाही. आणि तीन ते पाच ही वेळच वाईट. रातराणीला असताना टेंभुर्णीचा चहा झाला की मी माझी सीट सोडून पुढे बॉनेटजवळ जाऊन बसायचो. माझं तिकिटांचं काम तोवर संपलेलं असे. मग ड्रायव्हरशी बोलत राहायचं. त्याच्या मुलीचं स्थळ, डेपोतलं राजकारण, विहिरीला लागलेलं पाणी. तो ‘हूं’ म्हणतोय तोवर ठीक, ‘हूं’ लांबला की काहीतरी विचारायचं. ‘यंदा किती पोती निघाली तुझी तूर?’ आकडा सांगायला माणसाला जागं व्हावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. तुमच्या त्या स्लीपरमध्ये पडदा ओढून पुढची केबिन वेगळी असते आणि क्लीनर पोरगा पाय पसरून झोपलेला असतो. मग आकडा विचारणार कोण?

झालं, पुन्हा तिथेच आलो. आई आत्ता डोकावून गेली नि म्हणाली, किती पानं झाली.

दुसऱ्या गोष्टी. गोलघुमट गावाच्या पूर्वेला, स्टेशनच्या बाजूला, आणि इब्राहिम रोझा पार पश्चिमेला. तुझ्या तक्त्यात सकाळी घुमट, मग रोझा, मग पुन्हा जामा मशीद, असा झिगझॅग झालाय. टप्पे लावल्यासारखं एका दिशेने जा, रिक्षाचे पैसे निम्मे होतील. घुमट, जामा मशीद, मधला किल्ल्याचा भाग, बारा कमान, मग उपळी बुरूज आणि मुलूखमैदान तोफ, ताज बावडी, आणि ऊन कलल्यावर रोझा. रोझाला घाई करू नका. खिडक्यांच्या जाळ्या नीट बघ, दगडात अक्षरं कोरून त्यांचीच जाळी केलीय, उजेड अक्षरांतून आत येतो. घुमट मोठा आहे, रोझा सुंदर आहे. लोक घुमटालाच दिवस देतात आणि रोझा अर्ध्या तासात उरकतात. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर. बापाच्या घुमटापेक्षा मोठं बांधायला निघाला होता, कमानी उभ्या राहिल्या, छत राहिलं. जास्त काही लिहीत नाही, नाहीतर म्हणशील यातही टोमणा आहे.

तोफेपाशी आज्जीचा फोटो होता आपल्याकडे, दादाने कुठे ठेवला कोण जाणे. तिला सगळं गाव मुलूखमैदान तोफ म्हणायचं, आणि त्या दिवशी तिची नि खऱ्या तोफेची गाठ पडली. तिनं तोंडाशी वाकून पाहिलं. सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती. म्हणाली, ‘एवढं तोंड उघडून बोलते काय रे मी?’ 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, 55 टनांची. इंग्रजांनी 1854 मध्ये ती लिलावात काढली, तर सगळ्यात मोठी बोली आली 150 रुपयांची. मग लिलावच रद्द केला. आज्जीला हे सांगितलं, तर तिनं लगेच कनवट चाचपली. ‘आपल्याकडं दोनशे होते की रे.’ परत येताना टाकळीचा पूल येईपर्यंत हसत होतो सगळे. तेव्हा आपण पासावर फिरायचो, आता तू स्वतःच्या पैशांनी चाललीस. आपल्या घरात स्वतःच्या कमाईतून नुसतं बघायला म्हणून गावाला जाणारी तू पहिली. मी बत्तीस वर्षं रोज फिरलो पण बघायला म्हणून किती वेळा गेलो, बोटांवर मोजण्याइतक्या.

जेवायला खानावळ शोधा, हॉटेल नको. कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, दही, आणि भाकरी संपली की न विचारता दुसरी पडते. तुला कन्नड येत नाही ही माझी चूक, आज्जी बोलायची तेव्हा मी मराठीत बोल म्हणून तिलाच गप्प करायचो. दोन शब्द तरी लिहून घे. ‘एष्टु’ म्हणजे किती, टांग्यात बसायच्या आधी विचारायचं. आणि ‘निधान होग्री’ म्हणजे सावकाश चला. हे दुसरं ड्रायव्हरला म्हणायचं. मोबाईल मागच्या खिशात ठेवू नये, चौघींचे पैसे एकीकडे ठेवू नयेत, पाणी भरून घ्यावं, जिन्यात एकमेकींचे फोटो काढत थांबू नये, अनोळखी

थांबतो. पुढे पाच ओळी होत्या, खोडल्या. पंचवीस वर्षांच्या मुलीला पाणी भरून घे म्हणून सांगणारा बाप मलाही नकोसा वाटला असता. परवा ‘कशाला जायचंय तिकडं, काय आहे तिथं’ म्हणालो, ते खोटं होतं. तिथं काय आहे ते वर लिहिलंच आहे. माफ कर.

पण मी एक दुसरा तक्ता केलाय, तोही बघ. नुसता आकड्यांसाठी. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर स्वारगेटवरून एसटी. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तुम्ही चौघी बायकाच. म्हणजे खासगी स्लीपरच्या मानाने तिथेच पैसे सुटले. अकरा-साडेअकराला सोलापूर. मी स्टँडवर असेन, रिक्षा माझी. रात्री मुक्काम घरी. चौघींच्या गाद्या मधल्या खोलीत होतात, दादाच्या पलंगावर एकजण. मुक्कामाच्या रकान्यात शून्य लिहिलंय, जेवणाच्या रकान्यातही शून्य. सकाळी साडेपाचची पहिली गाडी धरायची. सवलत आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, भीमा ओलांडली की पुढचं पूर्ण तिकीट, तेही धरलंय. शंभर किलोमीटर, उजेडात. हत्तूर, वडकबाळ, तेरामैल, नांदणी, टाकळी, पूल, धूळखेड, झळकी, होर्ती, विजापूर. अजून झोपेत म्हणू शकतो. उपाशी कुणी जाणार नाही, आई चारला उठेल. परत येतानाही तसंच, रविवारी दुपारी निघून रात्री पुणे. सोमवारी ऑफिसात डोळे उघडे राहतील. माणशी 1,700 च्या आत बसतं. तुझ्यापेक्षा 640 रुपये कमी. वेळ मात्र जास्त जातो, आणि रविवारचा अर्धा दिवस हातचा जातो, ते मी लपवत नाही. एका बाजूने हिशेब दाखवायची मला सवय नाही.

आई म्हणते, हे सगळं मैत्रिणींना विचारून ठरवावं लागतं, ती एकटी थोडीच आहे. बरोबर आहे. त्यांना आपलं घर लहान वाटेल असं तुला वाटत असेल तर तेही बरोबर आहे. बाथरूमचा दरवाजा मी कालच बदलून घेतला, तो काही त्यासाठी नाही, सडलाच होता. संक्रांतीला तू आली नाहीस, सुट्टी नव्हती, मान्य. नंदीध्वजांची मिरवणूक यंदा गॅलरीतून आम्ही दोघांनीच पाहिली. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे अजून फिरताहेत. हे सहज लिहिलं.

दादाच्या त्या वेळेपासून आई फोन उशाशी ठेवून झोपते, तुला माहीत आहे. तू रात्रीच्या गाडीत असलीस की ती झोपत नाही. मी झोपतो असं तिला वाटतं.

तरी तुम्ही रात्रीच्याच गाडीने जायचं पक्कं केलं असेल, तर मी यानंतर एक शब्द बोलणार नाही, कबूल. फक्त चार गोष्टी कर. ड्रायव्हरच्या अगदी मागचा बर्थ घेऊ नकोस, मधला घे. बस एक ड्रायव्हर घेऊन निघते की दोन, ते बसण्याआधी विचार. चहाला थांबली की खाली उतर आणि ड्रायव्हरचे डोळे बघ. आणि गाडीचा नंबर मला पाठव. साडेदहाला पुणे सोडलं तर गाडी तीनच्या सुमारास जुन्या पुणे नाक्याला येते, माणसं उतरवायला दोन मिनिटं थांबतेच. आईने शेंगाचटणी कुटून ठेवलीय, दोन डबे, एक तुमच्या चौघींना वाटेत, एक पुण्याला. मी नाक्यावर उभा असेन, पांढऱ्या मफलरमध्ये. तू उतरू नकोस, नुसती दारापर्यंत ये नि डबे घे. तोवर मी पुढच्या बाजूला जाऊन ड्रायव्हरला एखादा आकडा विचारून घेईन.

तुझा
बाबा

ता. क. आईने वाचलं. म्हणाली, सात वेळा झालं. मी मोजलं नाही.