पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन बसवताना

दादर, मुंबई

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

पद्मिनीत प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं इंजिन टाकायचं ठरवलंस आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक इंजिन पाहूनही आलास, हे कळलं. टोकन दिलं नसशील तर दोन दिवस थांब. इंजिन काय, मिळतंच. काम अडतं ते त्याच्या आजूबाजूच्या बारीकसारीक सामानावर.

आधी कागदपत्रांचं उरकतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. तुझी गाडी १९७४ ची, म्हणजे वयात बसते. इंजिन बदललंस की तो मार्ग बंद. म्हणून मूळ इंजिन भंगारात घालू नकोस. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोड, सगळी तोंडं बंद कर आणि फळीवर ठेव. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. बदलाआधी आरटीओची परवानगी काढ आणि काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घे. विकणाऱ्याकडून बिल आणि इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत मागून घे. ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला तर भावसुद्धा विचारू नकोस.

निवड चांगली आहे, यात शंका नाही. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट तीनच आधारांवर, म्हणजे मेन बेअरिंगवर, फिरतो. ११८ एनईमधलं निस्सानचं ए-१२ हे ११७१ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७० मिलिमीटर, पाच मेन बेअरिंगचं. वरच्या वेगाला ते घरघरत नाही, फरक कानालाच कळतो.

आता सामान. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून निघालेले, शक्यतो एकमेकांना जोडलेलेच घे. सोबत फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, क्लचचा फोर्क, सेल्फ (स्टार्टर मोटर), दोन्ही बाजूंचे माउंटिंग ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालची पट्टी, कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, ॲक्सिलरेटरची लिंक आणि प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचं, गिअरबॉक्सकडचं तोंड. हे शेवटचं बहुतेकजण विसरतात. त्या तोंडाच्या आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळावे लागतात. सुटं शोधायला गेलास तर महिना जाईल. दुकानदार “सेल्फ कुठलाही चालतो” म्हणेल. चालत नाही. सेल्फच्या पिनियनचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगला जुळले नाहीत तर चार दिवसांत रिंग खातो.

पैसे देण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला लाव. आकड्यांमध्ये १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोज: आकडा वर गेला तर रिंगा गेल्या, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे. एकदा जास्त तापलेलं असेल तर वाकलेलं असू शकतं. सरळ पट्टी ठेवून ०.१० मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) खालून जाते का बघ; गेली तर हेड वाकलंय. गॅस्केट मात्र नवीनच, ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे विचार.

बसवताना पहिली टक्कर ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि क्रॉस मेंबरची (इंजिनाखालून जाणाऱ्या आडव्या पट्टीची). रिकाम्या ब्लॉकला चेंबर आणि सेल्फ लावून तो आधी नुसता टांगून बघा, वेल्डिंग त्यानंतर. चेंबर क्रॉस मेंबरला टेकलेला नको. माउंटिंगचं रबर दबून इंजिन खाली बसतं, म्हणून किमान १५ मिलिमीटर मोकळीक ठेवा. गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकू देऊ नका, प्लेटचं हब वाकतं आणि मग क्लच दाबला तरी गिअर करकरतो. स्टीअरिंगवरचा गिअर जाणार, दांडा खालून येणार. टनेल (फरशीतला मधला उंचवटा) कापण्याआधी पुढचं सलग सीट जागेवर ठेवून बघा, नाहीतर दांडा सीटला अडेल.

खरी गोम प्रोपेलर शाफ्टमध्ये आहे. गाडी चारही चाकांवर उभी असताना मोजा, जॅकवर कधीच नाही; ॲक्सल लोंबकळतो आणि माप चुकतं. स्लाइडिंग तोंड आत २० ते २५ मिलिमीटर सरकायला जागा सोडून मग शाफ्ट कापा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच रेषेत यायला हवेत, म्हणून कापण्याआधी नळीवर लांबलचक खडूची रेघ मारून ठेवा. नंतर डायनॅमिक बॅलन्सिंग, म्हणजे शाफ्ट फिरवून त्याचा तोल, करून घ्या, लेथवाला कितीही “गरज नाही” म्हणाला तरी. गिअरबॉक्सचं मागचं तोंड आणि डिफरन्शियलचं तोंड समांतर हवं, क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत. यातलं काही चुकलं तर गाडी ५० पर्यंत गप्प असते आणि ७० ला सगळी फरशी थरथरते. मग मिस्त्री माउंटिंगची रबरं बदलत बसतो.

आणि अर्थिंगची पट्टी! रबरी माउंटिंगवर बसलेल्या इंजिनाला बॉडीशी जाड तांब्याची पट्टी हवीच. ती राहिली तर सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परततो, केबलचं आवरण वितळतं आणि मंडळी चोकवर संशय घेतात. तापमानाचं बटण (इंजिनाचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) डॅशबोर्डवरच्या मीटरशी जुळणारं म्हणजे पद्मिनीचंच ठेव, हेडमध्ये आट्यांची बुश बसवून. ११८ एनईचं बटण पद्मिनीच्या मीटरला जोडलंस तर काटा खोटं सांगतो.

ब्रेक चारही ड्रमचे आहेत. इंजिनाआधी त्यांचे सिलिंडर आणि पाइप नवे कर.

सेट बघायला पुन्हा जाशील तेव्हा फोटो पाठव. वरून चकाचक दिसणारा नको. चेंबर, सेल्फ आणि ब्रॅकेट दिसतील असा, खालून काढलेला.

तुझा,
अभय