दोष स्वयंपाकघराचा नव्हे

महोदय,

कर्करोगाच्या बातम्यांत गाठ किती आक्रसली हे येते. रुग्णाचे दंड-मांड्या का वाळल्या, हे क्वचितच. माझ्या वडिलांच्या आजारपणात भेटायला येणारा प्रत्येकजण आईला बजावायचा, 'त्यांना नीट खाऊ घाला.' तूप, अंडी, खिमट सगळे झाले. अंग काही धरले नाही, बोल मात्र आईला लागला.

या झिजेला कॅकेक्सिया म्हणतात. नुसत्या खाण्याने ती भरून येत नाही. शरीरातील दाहाच्या संकेतांमुळे स्नायूपेशी स्वतःचीच प्रथिने मोडीत काढू लागतात. प्रथिनावर मोडीची खूण कशी लागते, या शोधाला २००४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. पुढे २०१०मध्ये उंदरांवरील प्रयोगात ही झीज थोपवली. गाठ वाढतच राहिली, तरी उंदीर जास्त जगले! (उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य.)

माणसांतही हालचाल आहे. भूक मारणाऱ्या 'जीडीएफ-१५' या प्रथिनाला रोखणाऱ्या पोनसेग्रोमॅब या औषधाची १८७ रुग्णांवरील चाचणी २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांत, सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांचे वजन औषधाविना असलेल्या गटापेक्षा सुमारे २.८ किलोंनी जास्त भरले. आयुष्य वाढते का, हे त्यातून ठरत नाही.

तोवर निदान प्रत्येक भेटीत वजन नोंदवावे. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक घट ही धोक्याची खूण मानतात. आमच्या फायलीत वजनाचा रकाना कोराच होता.

– एक वाचक, मिरज