धूसरपणा कॅमेऱ्याचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या सिएटलचे जपानी छायाचित्रकार डॉ. क्यो कोइके यांच्यावर पानभर लेख छापलात, आभार. मराठी पेपरात हे नाव कधी दिसेल असे वाटले नव्हते. पण ‘त्या काळी कॅमेरे प्रगत नसल्याने चित्रे काहीशी धूसर आहेत’ हे वाक्य वाचून चहाची चव गेली. लेखकमहाशय, त्याच्या कितीतरी आधीच्या काचेच्या निगेटिव्हवर दुकानांच्या पाट्या वाचता येतात! कोइके आणि त्यांच्यासोबतची छायाचित्रकार मंडळी धूसरपणा मेहनतीने आणत. सिएटलजवळच्या रेनिअर पर्वतावरचे धुके, पुढे दोनचार काळी झाडे, बाकी कागद जवळजवळ कोरा. कोइकेंचे सहकारी फ्रँक कुनिशिगे यांनी तर छपाईसाठी स्वतःचा तलम कागद तयार केला होता.

हे दुखणे आमचेही आहे. एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) भिंगाखाली आईच्या फाटक्या नायलॉन साडीचा तुकडा ताणून मी पंचगंगेच्या घाटाचा एक प्रिंट काढला होता. निम्म्या एक्स्पोजरनंतर तुकडा काढून घ्यायचा. सावल्या उजेडात अलगद पाझरतात. स्पर्धेच्या परीक्षकांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि मागे पेन्सिलीने लिहिले, ‘फोकस गेला आहे. ट्रायपॉड वापरावा.’ प्रिंट अजून माझ्याकडे आहे, कुणाला पाहायचा असल्यास यावे.

आणि ‘अमेरिकेने त्यांना आपलेसे केले’ म्हणे! १९२२च्या ओझावा खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने जपान्यांना नागरिकत्व मिळणार नाही असे सांगून टाकले. पुढच्याच वर्षी आपल्या भगतसिंग थिंद यांनाही तेच ऐकवले. १९२४ साली जपानी स्थलांतरितांना दारे बंद झाली आणि त्याच वर्षी या लोकांनी सिएटल कॅमेरा क्लब काढला. याला म्हणतात चिवटपणा. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर तिथल्या जपान्यांना कॅमेरे सरकारजमा करावे लागले, १९४२मध्ये डॉक्टरांची रवानगी जपान्यांना डांबून ठेवण्याच्या, आयडाहो राज्यातल्या मिनिडोका छावणीत झाली. १९४७मध्ये ते गेले. लेखात यातले अवाक्षर नाही. सिएटलमध्ये कॉफी कुठे प्यावी याची चौकट मात्र आहे.

राहता राहिले चित्र. रेनिअरच्या ऐन शिखरावर तुमचा लाल मथळा आणि खाली बारीक अक्षरात ‘छायाचित्र : इंटरनेट’. हे इंटरनेट नावाचे गृहस्थ फारच फोटो काढतात बुवा, रोज कुठल्या ना कुठल्या पानावर असतात! कोइकेंचे प्रिंट वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जपून ठेवले आहेत. चित्राखाली छायाचित्रकाराचे आणि ग्रंथालयाचे नाव छापायला अशी कितीशी शाई लागली असती?

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर