प्लास्टर निघाल्यावर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज अगदी खचलेला होता. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि तू म्हणालास, "आई, पोटरीच गेली गं, नुसती काठी राहिलीय." तेव्हा मला धड बोलता आलं नाही. इतकी वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवते, पण स्वतःच्या मुलाचा पाय म्हटला की शब्द सुचत नाहीत. म्हणून लिहितेय.

पोटरी कुठेही गेलेली नाही. स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. यातला एकेक तंतू ही एकच लांबलचक पेशी, केसासारखी बारीक आणि आत शेकडो केंद्रकं असलेली. हे तंतू किती, ते जन्माच्या सुमारास जवळजवळ ठरून जातं. पुढे कमी-जास्त होते ती मुख्यतः त्यांची जाडी. स्नायूत प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नवी घडतात. तुझा पाय जखडलेला असताना घडणं मंदावलं, मोडणं चालूच राहिलं, म्हणून तंतू रोडावले. ते मेले नाहीत, बाळा.

आता दंडाची बेटकुळी काढ आणि दुसऱ्या हाताने दंडाची मागची बाजू चाचपून बघ. पुढे टणक, मागे मऊ. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून वाकवणारा एक आणि सरळ करणारा दुसरा अशी जोडी लागते. तुझी पोटरी टाच वर खेचते, नडगीच्या बाजूचा स्नायू पाऊल वर उचलतो. दोघांनाही पुन्हा कामाला लावायचंय.

ही ओढ येते कुठून, ते मला शिकवताना आजही थरारून टाकतं. तंतूच्या आत सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर लांबीचे कप्पे ओळीने असतात, त्यांना सार्कोमिअर म्हणतात. त्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धी घाल आणि हात जवळ आण. बोटं आखूड झाली नाहीत, सरकली. १९५४ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांनी हेच मांडलं. एका गटात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन, दुसऱ्यात अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्के. मज्जातंतूचा निरोप आला की तंतूत कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात. धरलेलं सोडायलाही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतो, हे मुलांना पटता पटत नाही. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते त्यामुळेच: एटीपी संपतो आणि पकड सुटत नाही.

तुझ्यासाठी खरी कामाची गोष्ट आता. व्यायाम सुरू केलास की आधी ताकद येईल, घेर मागाहून भरेल. पहिल्या काही आठवड्यांत मुख्यतः मज्जासंस्था शिकते: एका वेळी जास्त तंतूंना हाक कशी द्यायची, ती हाक जलद कशी द्यायची. म्हणजे पोटरी तेवढीच दिसेल आणि तरी तू जिना जास्त सहज चढशील. ते खरंच घडलेलं असेल, भास नसेल.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय ठणकेल. तो दोष लॅक्टिक आम्लाला देतात, पण लॅक्टेट, म्हणजे त्याचंच शरीरातलं रूप, तर व्यायामानंतर तास-दोन तासांत ओसरतं. हा ठणका तंतूंना पडलेल्या बारीक चिरांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा. मोडलेल्या जागी हाडात कळ आली तर मात्र थांब आणि लगेच डॉक्टरांना विचार. फिजिओथेरपिस्टने सांगितलंय त्याहून एकही फेरा जास्त नको.

आणि रोज आरशासमोर दोन्ही पाय शेजारी ठेवून बघू नकोस. मी महिन्याने येते, येताना मोजपट्टी आणते. तेव्हा आपण दोघं मिळून मोजू.

तुझी,
आई