नेल्सन, तुझ्या पहिल्या परदेशी नाताळासाठी

चरई, ठाणे
14 डिसेंबर

प्रिय नेल्सन,

परवा रात्री तुझा मेसेज आला. चारच ओळी. ‘इथे नाताळ आहे असं वाटतच नाही. ऊन, धूळ आणि माझी मोडकीतोडकी स्वाहिली. सगळे प्रेमाने बोलतात, पण माझं असं कोणी नाही. डोम्या, मी इथे कशाला आलोय?’ फोनवर उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. शेवटी पप्पांच्या टेबलावरची वही ओढली. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवतो, कारण टपालाने केनियात लोडवारला पोचेपर्यंत तीन राजांचा सणही उलटून जाईल. मूळ पानं मागाहून येतील, ती ठेव.

पाच नाताळ जपानात मिशनवर काढल्यावर यंदा मला घरी यायची परवानगी मिळाली, आणि नेमका यंदा तू इथे नाहीस. जांभळी नाक्याला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही. पप्पांनी गॅलरीत चांदणी लावली, तिची वायर दरवर्षीसारखी बाथरूमच्या प्लगमधून फिरवून आणलीय. आई कालपासून काट्यावर कुलकुल वळतेय आणि समोरच्या जोशीकाकू तिच्या मदतीला बसल्यात. दिवाळीत आई त्यांच्याकडे करंज्या भरायला जाते, नाताळात त्या आमच्याकडे येतात, हा हिशोब आपण पाळण्यात असल्यापासून चालू आहे. चर्चच्या आवारात पोरं गोठा बांधतायत. पेंढा कुठून आणायचा यावरून यंदाही वाद झाला. काल रात्री प्रॅक्टिस संपवून तलावपाळीवर एक चक्कर मारली, तर तुझ्या जागी चालायला कोणी नव्हतं.

हे वाचून तुझा जीव अजून कासावीस होईल, माहीत आहे. तरी मुद्दाम लिहितोय. माझ्या पहिल्या नाताळाला मी हेच सगळं डोळ्यांपुढे धरून बसलो होतो, आणि त्यापायी समोर काय आहे ते मला दिसलंच नाही. ती गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मला तिची लाज वाटायची. आज सांगतो.

भाषेच्या शाळेला सुट्टी लागली आणि मला नाताळापुरतं नागासाकीतल्या एका लहान धर्मग्रामात पाठवलं. जपानात 25 डिसेंबरला सुट्टी नसते. दुकानांत रोषणाई असते, स्ट्रॉबेरी लावलेले पांढरे केक असतात, तळलेल्या चिकनसाठी लोक आधीपासून ऑर्डर देऊन ठेवतात, जोडपी फिरायला निघतात. पण घरादाराने एकत्र जमायचा सण म्हणजे नवं वर्ष. ख्रिस्ती माणसं शंभरात एखादंच. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. तरीही मी मनात म्हटलं, मी मिशनरी आहे, मी यांना खरा नाताळ दाखवीन.

आईने येताना बाटली मसाला दिला होता, बिअरच्या बाटलीत ठासून भरलेला, वर तीन पिशव्या बांधून. तो मी आठ महिने नाताळासाठी राखून ठेवला होता. 24 ला संध्याकाळी सातलाच मिस्सा झाली, मध्यरात्रीची नाहीच. लोकांनी एकमेकांना कमरेत वाकून शुभेच्छा दिल्या आणि नऊच्या आत सगळे घरी. रात्रभर जागून मी चाळीस माणसांचं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल केलं. तळायच्या फुग्यांचं पीठ थंडीने फुगेना, म्हणून भांडं पांघरुणात गुंडाळून कुशीत घेऊन बसलो. 25 ला दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं. माइक लावला, मराठी नाताळगीतांचे जपानी अर्थ मोठ्या कष्टाने लिहून काढले होते.

सहा जण आले, नेल्सन. चार म्हाताऱ्या बायका, एक फिलिपिनो नर्स आणि एक व्हिएतनामी मुलगा, तोही रात्रपाळीला जायच्या वाटेवर. बाकीचे कामावर होते. कोणी दुष्टपणाने आलं नाही असं नाही, त्यांचा कामाचा दिवस होता एवढंच. पण मला ते तेव्हा पटलं नाही. मी दोन गाणी म्हटली आणि घसा दाटून आला. सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरात एवढ्या मोठ्या पातेल्यापुढे उभा राहिलो आणि मनात तुझाच प्रश्न आला, अगदी तुझ्याच शब्दांत.

तेवढ्यात त्या चौघींपैकी एक आजी आत आल्या. मिस्सेला पांढरं वस्त्र डोक्यावर घेऊन पहिल्या बाकावर बसणाऱ्या, ऐंशीच्या पुढच्या. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकचे डबे काढले, एकेक करत आठ, आणि काही न बोलता माझं सोरपोतेल त्यात भरायला लागल्या. कोणाच्या घरी जाणार हे प्रत्येक डब्याच्या झाकणावर पेनाने लिहिलेलं होतं. म्हणजे त्या घरून ठरवूनच आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते डबे परत आले आणि एकही रिकामा नव्हता. कोणात मँडरिन संत्री, कोणात लोणचं, कोणात शिजवलेल्या काळ्या सोयाबीन. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, आठवतं ना? तुझी आजी निदान साखरेची चिमूट तरी टाकून द्यायची. समोरच्या टेबलावर ते आठ डबे मांडलेले बघितले आणि मला पहिल्यांदा वाटलं, अरे, मी कोणाच्या तरी गावात आहे.

26 ला त्या आजींनी घरी बोलावलं. पांघरूण घातलेलं बुटकं टेबल असतं, खाली हीटर, त्यात पाय घालून बसायचं. पुढ्यात कास्तेला ठेवला. हा केक पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात नागासाकीत आला आणि तिथलाच होऊन गेला. पावाला ते ‘पान’ म्हणतात. मी म्हटलं, आम्ही ‘पाव’ म्हणतो, शब्द एकाच घरचा. त्या हसल्या. मग विचारलं, तुमच्या भाषेत कुरिसुमासुला काय म्हणतात? मी म्हटलं, नाताळ. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. त्या म्हणाल्या, ‘नातारा. आमची पणजी नातारा म्हणायची.’

नेल्सन, माझ्या अंगावर काटा आला.

तुला तो इतिहास सेमिनरीत शिकवला असेल, तसा मलाही शिकवला होता, परीक्षेपुरता. 1614 मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली ती 1873 पर्यंत. फादर नाहीत, चर्च नाही, मिस्सा नाही. नागासाकीच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना घरातल्या घरात पुढच्या पिढीला दिल्या. 17 मार्च 1865 ला नागासाकीजवळच्या उराकामी गावातले काही जण ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये फ्रेंच फादर पेतीजाँ यांच्याजवळ आले, आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे असं म्हणाले आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. मूर्तीपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं, की थंडीच्या महिन्यातल्या 25 व्या दिवशी आम्ही प्रभू येशूचा सण पाळतो, त्या दिवशी मध्यरात्री तो गोठ्यात जन्मला असं आम्हाला सांगितलं आहे. अडीचशे वर्षं! ना चांदणी, ना घंटा, गाणं म्हणायचीही सोय नाही, पकडले गेले तर मरण. आणि मी त्यांना खरा नाताळ दाखवायला निघालो होतो.

मग आजींनी स्वतःची गोष्ट सांगितली, फार हळू, मला कळावी म्हणून सोप्या शब्दांत. 9 ऑगस्ट 1945 ला त्या सात वर्षांच्या होत्या, डोंगरापलीकडे मामाकडे होत्या म्हणून वाचल्या. अणुबॉम्ब उराकामीच्या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर फुटला. तिथल्या सुमारे 12,000 कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. त्यात त्यांची आई आणि दोन भाऊ. चर्चच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली. माणसांनी ती उकरून काढली, लाकडी ओंडक्यांवर टांगली आणि त्याच वर्षी नाताळाच्या आदल्या रात्री वाजवली. ‘अंधार होता, काही नव्हतं, आणि घंटा वाजली,’ एवढंच त्या म्हणाल्या. पुढे त्यांना बोलवेना. मला जपानीत सांत्वनाचं एकही वाक्य नीट येत नव्हतं. मी त्यांना संत्रं सोलून दिलं. त्यांनी अर्धं मला परत दिलं.

त्या दिवशी परतताना मी निशिझाका टेकडीवर गेलो. 5 फेब्रुवारी 1597 ला जिथे 26 जणांना क्रुसावर मारलं, तिथे 1962 मध्ये उभारलेलं स्मारक आहे, दगडी भिंतीवर ब्राँझच्या 26 आकृती ओळीने. त्यांत मी आपला माणूस शोधला. गोन्सालो गार्सिया, वसईचा. गासच्या त्याच्या नावाच्या चर्चच्या फेस्तला मावशीकडे जाऊन आपण दोघं कितीदा जेवलोय, पण तो माणूस परदेशात कसा राहिला असेल हा विचार आपल्याला कधी शिवला नव्हता. जपानी त्याला इतकी चांगली येत होती, की त्याच्या फ्रान्सिस्कन संघातल्या बाकीच्या मिशनऱ्यांचा दुभाषा तोच होता. डिसेंबर 1596 मध्ये त्यांना पकडलं, म्हणजे त्याचा शेवटचा नाताळ पहाऱ्यात गेला. मग भर जानेवारीत क्योतोहून नागासाकीपर्यंतची चाल. मी थंडीत कुडकुडत तिथे उभा होतो आणि वसईचा समुद्र आठवत होता. त्यालाही आठवला असेलच. आठवण येणं म्हणजे बोलावणं खोटं होतं असं नाही रे. तुझ्या मेसेजमध्ये मला तीच भीती दिसली, म्हणून हे लिहितोय.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट मनात घोळतेय. 1321 मध्ये आपल्या या ठाण्यात चार परके मिशनरी मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. जहाज भलतीकडे भरकटलं म्हणून ते ठाण्याला लागले. इथे काही नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाची, ख्रिस्ती घरं होती, त्यांतल्या एकात ते उतरले. लहानपणी आपल्याला त्यांच्या मरणाचं सांगायचे. मला आता त्या घराचं वाटतं. एकमेकांची भाषा येत नसलेल्या, चाल वेगळी असलेल्या त्या पाहुण्यांना ठाण्यातल्या कुठल्या तरी बाईने पाट मांडून काय वाढलं असेल? खाडीतली मासळी आणि भातच, दुसरं काय असणार.

नेल्सन, तू तिथे पाहुणा आहेस. निदान या पहिल्या वर्षी तरी पाहुणा राहा. मला ठाऊक आहे, तू तिकडे ठाण्यासारखा गोठा करायच्या खटपटीत असशील, तसं तू लिहिलंही आहेस. ते काम तिथल्या पोरांना दे आणि ते कसा बांधतात ते बाजूला बसून बघ. बोलावतील त्या प्रत्येक घरी जा, वाढतील ते खा, भाषा चुकली तर चुकू दे. फुगे आणि इंदियाल पुढच्या वर्षी कर, तेव्हा खाणारी माणसं तुझ्या ओळखीची असतील. आणि एक ऐकशील? मिस्सेच्या आधी किंवा नंतर लगेच घरी व्हिडिओ कॉल करू नकोस. मी केला होता. स्क्रीनवर सगळे एका सोफ्यावर दाटीने बसलेले, पाठीमागे गाणी, आणि कॉल बंद झाल्यावर खोलीत जी शांतता पडली, ती मला अजून ऐकू येते. 25 ला सकाळी निवांत कर. तुझ्या आईला मी सांगून ठेवतो, ती आपल्याकडच्या दुपारच्या जेवणाआधी वाट बघेल. आपण तुझ्या अडीच तास पुढे आहोत, तेवढं ध्यानात ठेव.

रडू आलं तर रड. रेक्टरनी विचारलं तर खरं सांग. मी डोळ्यांत कांदा गेला असं सांगितलं होतं. पुढे कितीतरी महिने मला कोणी काही विचारलं नाही, कारण मीच दार लावून घेतलं होतं.

त्या आजी गेल्या पावसाळ्यात वारल्या. मी त्यांच्या मातीला हजर होतो. त्यांच्या सुनेने मला एक डबा आणून दिला, झाकणावर माझं नाव जपानी अक्षरांत, आजींच्याच हातचं. कधी भरायचा राहून गेला होता कोण जाणे. तो मी इथे घेऊन आलोय. आईने त्यात कुलकुल भरलेत आणि 6 जानेवारीला मी परत जाताना ते त्या घरी पोचवणार आहे.

तुझ्यासाठीही एक डबा वेगळा काढलाय. तुमच्या हाऊसचे एक फादर महिनाअखेर मुंबईहून निघणार आहेत म्हणतात, त्यांच्याबरोबर पाठवतो. नेवऱ्या वाटेत मोडतील, म्हणून आईने जास्त घातल्यात. तिथे कोणाकोणाला दिल्यास ते कळव, तिला नावं हवी आहेत. नावं नीट लिही, ती रोजरीत घेते.

जोशीकाकू हाक मारतायत, पीठ संपलंय, दुकानात जायला हवं.

तुझा,
डॉमनिक